रामरक्षा, पाढे आणि 'रांडेच्या'

ताई,

बाबांना (वय ७४) चार महिन्यांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. बाबा चौतीस वर्षं गणिताचे शिक्षक होते. गाव लोणंदजवळचं, नोकरी सगळी पुण्यात. 'गाढवा'च्या पलीकडे आम्ही भावंडांनी त्यांच्या तोंडून कधी काही ऐकलं नाही. शाळेत असताना मी एकदा 'च्यायला' म्हणाले, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते.

आज त्यांना 'पाणी' म्हणता येत नाही. माझं नाव घेता येत नाही. पण 'रांडेच्या' अगदी खणखणीत येतं. आणखी दोन आहेत, त्या मला लिहवत नाहीत. फिजिओवाला हात ताणायला लागला की, चहा गार झाला की, कधी कधी काहीच कारण नसताना. सेवेला ठेवलेला मुलगा दुसऱ्याच आठवड्यात सोडून गेला. माझा आठ वर्षांचा मुलगा दाराशी उभा राहून हसतो. त्या शब्दाऐवजी 'राम राम' म्हणा, असं मी त्यांना शिकवून पाहिलं. ते माझ्याकडे बघत राहिले आणि तोच शब्द म्हणाले. काका म्हणतात, 'पोटात होतं ते ओठावर आलं. इतकी वर्षं दाबून ठेवलं होतं.' आई आधी रडायची, आता गप्पच असते. परवा बाबा तिच्याकडे बघून 'रांडे' म्हणाले. ती म्हणाली, 'हे स्वतःच्या तोंडाने स्वतःला मारतायत', आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

मला एवढंच विचारायचंय. आम्ही ज्यांना ओळखत होतो ते बाबा खरे होते का?

– एका मास्तरांची मुलगी, पुणे

*

ताई,

खरे होते. हे आधी सांगते, कारण बाकीचं वाचायला तुम्हाला वेळ मिळेल न मिळेल. आजारी माणसाच्या घरात पत्रं दोन हप्त्यांत वाचली जातात, मला माहीत आहे.

आता काकांचं बघू. 'पोटातलं ओठावर आलं' हे आपण दारू प्यालेल्या माणसाबद्दल म्हणतो. तिथेही ते अर्धंच खरं असतं. पण तुमच्या बाबांचं पोट आणि ओठ यांच्यामधला रस्ताच वाहून गेलाय. ज्याला 'पाणी' हे पोटातलं ओठावर आणता येत नाही, त्याने चाळीस वर्षं दाबलेला राग मात्र नेमका आणला, हे कसं शक्य आहे? काकांना हे विचारून बघा. रागावू नका त्यांच्यावर. त्यांचाही भाऊ आहे तो.

उजव्या हाताने लिहिणाऱ्या बहुतेकांची भाषा मेंदूच्या डाव्या बाजूला असते, आणि डाव्या मेंदूला इजा झाली की उजवं अंग जातं. म्हणून लुळा उजवा हात आणि गेलेली वाचा ही जोडी इतक्या घरांत दिसते. याला डॉक्टर अफेजिया म्हणतात, मराठीत वाचाघात. पण डाव्या बाजूला असतं ते जुळवून बोलणं. शब्द निवडायचा, त्याला प्रत्यय लावायचा, पुढच्या शब्दाशी जोडायचा, हे सगळं. न जुळवता, आख्खं, एका दमात तोंडातून बाहेर पडणारं बोलणं वेगळं. ते उजवा मेंदू आणि खाली खोलवर असलेल्या, सवयी आणि भावना सांभाळणाऱ्या भागांच्या आधाराने चालतं. एक ते वीस आकडे, वारांची नावं, आरती, रामरक्षा, 'या, बसा', 'अगं बाई' आणि शिव्या. सगळं एकाच फडताळात. आपण आयुष्यभर रामरक्षा देवघरात ठेवली आणि शिवी उंबऱ्याबाहेर. मेंदूने दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या होत्या.

ही काही नवी गोष्ट नाही. १८६१ साली पॅरिसमध्ये ब्रोका नावाच्या डॉक्टरांकडे लबोर्न नावाचा एक रोगी आला. एकवीस वर्षं तो इस्पितळात होता आणि त्याला एकच अक्षर येत होतं, 'तां'. काहीही विचारा, 'तां तां'. सगळे त्याला त्याच नावाने ओळखायचे. पण आपलं म्हणणं समोरच्याला कळत नाही म्हणून तो चिडला, की एक फ्रेंच शिवी अख्खीच्या अख्खी बाहेर पडायची. तो थोड्याच दिवसांत वारला, ब्रोकांनी त्याचा मेंदू तपासला, आणि वाणीची जागा डाव्या बाजूला पुढे आहे हे जगाला कळलं ते त्याच्यामुळे. म्हणजे या विद्येच्या पहिल्या धड्यातच शिवी आहे.

पाचच वर्षांनी बोदलेअरचं तसंच झालं. फ्रेंच कवी, शब्दांवर जगलेला माणूस. बेल्जियममध्ये त्याला झटका आला, उजवी बाजू गेली, आणि तोंडी उरलं ते 'क्रे नों', देवाच्या नावावरून घातलेल्या शिवीचा तुकडा. ठेवलं होतं त्याला ब्रसेल्सच्या एका शुश्रूषागृहात, आणि ते चालवायच्या जोगिणी! त्यांची काय अवस्था झाली असेल ते तुमच्या आईला चांगलं कळेल. चहा हवा तरी 'क्रे नों', नको तरी 'क्रे नों'. तो पापी आहे असं त्यांना वाटलं. तुमच्या काकांसारखंच.

आणि १९६६ साली छापून आलेली एक केस तर याहून पुढची. सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाचा गाठीमुळे डावा मेंदूच काढून टाकावा लागला. शस्त्रक्रियेनंतर त्याला धड वाक्य बोलता येईना. पण शिव्या येत होत्या, आणि गाताही येत होतं.

हे गाण्याचं लक्षात ठेवा. त्याकडे परत येते.

आता तुमच्या मनातला दुसरा प्रश्न, जो तुम्ही विचारला नाहीत. शिव्या आल्या कुठून? माणसाला येते ती भाषा आणि माणूस बोलतो ती भाषा, या दोन वेगळ्या असतात. तुम्हालाही सगळ्या येतात. पत्रात दोन लिहिल्या नाहीत, म्हणजे त्या कुठल्या हे तुम्हाला ठाऊक आहे. शिवाय लहानपणी, भांडणात, अंगावर काटा येत असताना ऐकलेला शब्द पक्का बसतो. मोठेपणी शिकलेली प्रमाण भाषा त्यावर रंगाच्या हातासारखी चढते. दोन भाषा बोलणाऱ्यांवरच्या प्रयोगांत हे दिसलंय. लहानपणीच्या भाषेतलं रागावणं ऐकलं की तळहाताला जितका सूक्ष्म घाम फुटतो, तितका नंतर शिकलेल्या भाषेतल्या रागावण्याने फुटत नाही. तुमच्या बाबांची पहिली भाषा पुण्याच्या शाळेतली नव्हती. ती लोणंदकडची होती.

आणि लोणंदकडचं म्हणालात म्हणून विचारते, बोरीचा बार माहीत आहे का तुम्हाला? सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी ही दोन गावं, मध्ये ओढा. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बायका वाजत गाजत आपापल्या काठावर येतात आणि समोरच्या काठावरच्या बायकांना हातवारे करकरून शिव्यांची लाखोली वाहतात. बघायला लांबून माणसं येतात, पोलिसांचा बंदोबस्त असतो. मग वेळ संपते आणि सगळ्या घरी जातात. मनात काही ठेवायचं नाही, हा नियम. लोणंदच्या टापूत वाढलेल्या मुलाने तो बार एकदाही पाहिला नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही. कोणाच्या तरी खांद्यावर बसून पाहिला असेल. हसला असेल. तुमचा मुलगा आज दाराशी उभा राहून हसतो ना, तसाच.

'आपल्या घरात असे शब्द नव्हते' असं कोणी म्हटलं, तर म्हणू द्या. घरं फार जुनी नसतात, शिव्या जुन्या असतात. परळला सापडलेल्या शिलाहार राजा अपरादित्याच्या बाराव्या शतकातल्या शिलालेखात दानाचा मजकूर संस्कृतमध्ये आहे, पण शेवटी, हे दान मोडणाऱ्याला धाक घालायची वेळ आली तशी राजाची भाषा मराठी झाली. आणि काय मराठी! मोडणाऱ्याच्या आईवर गाढव घातलं आहे. कोकणात असे कितीतरी दगड आहेत, वर चंद्रसूर्य, खाली गाढव आणि बाई. गद्धेगाळ म्हणतात त्यांना. मराठीतल्या अगदी जुन्या लेखी वाक्यांत एक आईवरची शिवी आहे, तीही राजमुद्रेनिशी. माझे आजोबा उठताबसता 'शिंच्या' म्हणायचे. सोवळ्यात असतानाही. तो 'शिंदळीच्या'चा आखूड केलेला अवतार आहे, हे मला कॉलेजात कळलं, तोवर आजोबा गेले होते. विचारायचं राहूनच गेलं.

पण मी इथे शिव्यांची वकिली करत नाहीये. अहिल्यानगर जिल्ह्यात नेवासा तालुक्यातल्या सौंदाळ्याच्या ग्रामसभेने २०२४च्या नोव्हेंबरात ठराव केला, आईबहिणीवरून शिवी दिली तर पाचशे रुपये दंड. (तिथे असता तर बाबांची पेन्शन दर महिन्याच्या तीन तारखेला संपली असती.) ठराव मला पटतो. भांडण दोन पुरुषांचं आणि त्यात अंग बाईचं, हे थांबायलाच हवं. बाबांचा मेंदू निर्दोष आहे म्हणून तो शब्द निर्दोष ठरत नाही. आणि इथेच मला तुमच्या आईबद्दल बोलायचंय.

तुम्ही लिहिलंत की आई गप्प झाली. तुम्हाला वाटतं तिला लाज वाटली, किंवा अपमान झाला. पण तिचं वाक्य तुम्हीच लिहिलंय. 'हे स्वतःच्या तोंडाने स्वतःला मारतायत.' ताई, रांड म्हणजे मुळात विधवा. रांडेच्या म्हणजे जिला नवरा नाही तिच्या पोरा. आपण आता तो शब्द नुसता घाण म्हणून ऐकतो, पण तुमच्या आईच्या पिढीने 'ती रांडावली' असं गल्लीत ऐकलेलं आहे. झटक्यातून जेमतेम वाचलेला नवरा, आणि तो बायकोला त्या शब्दाने हाक मारतो. तिने शिवी ऐकलीच नाही. तिने भाकीत ऐकलं.

म्हणून तिला मेंदूची डावी-उजवी बाजू समजावायला जाऊ नका, निदान आधी नको. आधी जवळ बसून एवढंच म्हणा, 'आई, तुला काय ऐकू आलं ते मला कळलं.' मग ती बोलेल. किंवा रडेल, तेही चालेल. नंतर कधीतरी हेही सांगा की वाचाघातात बऱ्याचदा शब्दांची शेपटं गळतात, प्रत्यय आधी जातात. दिवसभर 'रांडेच्या' म्हणणाऱ्या माणसाचा एकदा 'च्या' गळला, तर जे उरतं ते तिला उद्देशूनच होतं, असं कशावरून? मला तरी तसं वाटत नाही. चहाला, फिजिओला आणि तिला एकच शब्द मिळतोय, कारण शब्दच एक आहे.

आता 'राम राम'चं. कल्पना वाईट नव्हती, पण चालणार नव्हती. इंग्लंडमध्ये कील विद्यापीठात रिचर्ड स्टीफन्स म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांना शिव्यांचा अभ्यास सुचला तो बायकोच्या बाळंतपणात, ती कळांनी शिव्या घालत होती तेव्हा. (नवऱ्याला त्या वेळी संशोधन सुचतं, यावर वेगळा स्तंभ लिहीन.) २००९ साली त्यांनी लोकांना बर्फाच्या पाण्यात हात बुडवून ठेवायला सांगितलं. एकदा शिवी घोकत, एकदा साधा शब्द घोकत. शिवी घोकताना हात जास्त वेळ टिकला, हृदयाचे ठोके वाढले. पुढे २०११मध्ये दिसलं, की जे रोज ऊठसूट शिव्या देतात त्यांना हा फायदा कमी मिळतो. आणि २०२०मध्ये त्यांनी दोन नव्या, बनावट शिव्या तयार करून पाहिल्या. ऐकायला मजेशीर, पण दुखणं सोसायला उपयोग शून्य. शब्दाला धार येते ती वर्षानुवर्षं 'हे बोलायचं नसतं' या दगडावर घासून. तुम्ही दिलेल्या शब्दाला बाबांच्या आत ती धार नाही.

बर्फाच्या पाण्यातले लोक धडधाकट होते, त्यामुळे ते सगळं बाबांना जसंच्या तसं लावू नका. पण फिजिओ आखडलेला खांदा उचलतो तेव्हा काय दुखतं ते मी जवळून पाहिलंय. त्या वेळची शिवी मी तरी माफ करेन.

मग करायचं काय.

त्यांना टोकू नका, 'असं नाही म्हणायचं बाबा' नको. या प्रकारच्या वाचाघातात बोलता येत नसलं तरी समजतं पुष्कळ, आणि पुष्कळदा आपल्या तोंडून काय निघालं हेही कळतं. त्यांच्या डोळ्यांकडे बघितलंत का त्या क्षणी? एकदा बघा. शिवी आली की ती काहीतरी मागत असेल असं धरून चला आणि हो-नाहीचे प्रश्न विचारा. 'दुखतंय? पाणी? टीव्ही बंद करू?' डाव्या हाताने दाखवू द्या. चार दिवस वहीत टिपून ठेवा, किती वाजता, कशानंतर, कुठल्या सुरात. चहाचा 'रांडेच्या' आणि खांद्याचा 'रांडेच्या' यांचे सूर वेगळे निघतील, पैज लावते.

आणि फडताळात दुसरं जे आहे ते काढा. तुमचे बाबा गणिताचे मास्तर! बे एके बे. तुम्ही म्हणा 'बे दुणे', आणि थांबा. घाई करू नका, मोठ्याने दहा अंक मोजता येतील एवढं थांबा. जेवायला बसताना आईला 'वदनी कवळ घेता' सुरू करू दे आणि ओळीचा शेवटचा शब्द सोडून दे. डाव्या बाजूला बसून, कारण उजवीकडचं नीट दिसतंय की नाही हे बऱ्याचदा उशिरा कळतं. चालीवरून बोलणं परत आणायची एक पद्धत १९७३ साली बोस्टनच्या डॉक्टरांनी बसवली. छोटं वाक्य सुरात म्हणायचं आणि रोग्याच्या डाव्या हाताने ताल धरायचा. 'पा-णी ह-वं.' हे स्पीच थेरपिस्टकडून शिकून घ्या, मनाने करू नका. चार महिने झालेत, अजून लावला नसेल तर या आठवड्यात लावा. पहिल्या सहा महिन्यांत सुधारणा जास्त वेगाने होते.

एक मात्र आधीच सांगते, नाहीतर मला बोल लावाल. बाबांनी बाराचा पाढा घडाघडा म्हटला तरी त्याचा अर्थ उद्या ते पाणी मागतील असा नाही. पाढा वेगळा, मागणं वेगळं. पण चार महिन्यांत स्वतःचा आवाज शिवीखेरीज कशात ऐकलाच नाही, अशा माणसाला 'बे पंचे दहा' ऐकू आलं तर त्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं, ते आईने बघावं असं मला वाटतं.

डॉक्टरांना हेही विचारा की नुसती वाचाच गेलीय, की स्वभावही बदललाय. कपड्यांचं भान, हावरटपणा, उगाच हसणं, असं काही दिसत असेल तर कारण वेगळं असू शकतं. आणि बाबा गप्प बसून भिंतीकडे बघत राहत असतील तर तेही सांगा. झटक्यानंतर तिघांतल्या एकाला तरी औदासीन्य येतं, आणि ज्याला बोलता येत नाही त्याचं ते कोणाच्या लक्षात येत नाही.

नव्या सेवकाला पहिल्याच दिवशी, कामाला लागायच्या आधी, सगळं सांगा. शब्द कोणते तेसुद्धा सांगा. 'थोडे चिडचिडे आहेत' असं गुळमुळीत सांगून माणूस ठेवला की तो दुसऱ्या आठवड्यात जातोच, आणि त्यात त्याची चूक नसते. पगारात शिव्या खाणं धरलेलं नसतं.

नातवाला काय सांगायचं? आठ वर्षांचा आहे, त्याला कळतं. 'आजोबांचे बाकीचे शब्द अडकलेत, हा एकच सुटा आहे' एवढं पुरे. पाढ्यांचं काम त्यालाच द्या. मोठ्यांपेक्षा तो थांबायला कंटाळेल, पण आजोबा त्याच्यासाठी जास्त प्रयत्न करतील.

आणि आत्या असतील तर त्यांना फोन करून विचारा, बाबांना लहानपणी ओढ्यावर कोण घेऊन जायचं. उत्तर मला कळवा.